नुसतं बघून भागत नाही

सबटायटल लावून सिनेमे बघा, इंग्रजी आपोआप येईल, असं एका लेखात वाचलं. आपोआप काही येत नाही हो! डोळे खालच्या ओळीवर खिळतात आणि कान झोपा काढतात. सिनेमा संपल्यावर चार जणांनी त्यावर तोडकंमोडकं का होईना, बोललं पाहिजे.

आमच्या गटात १९४४ चा 'गॅसलाइट' पाहिला. नवरा चोरून माळ्यावर जाऊन गॅसचे दिवे लावतो, की खाली इन्ग्रिड बर्गमनच्या खोलीतला दिवा मंदावतो. वर तुझंच डोकं ठिकाणावर नाही, असं तो तिच्या मनावर ठसवत राहतो. 'गॅसलाइटिंग' हा इंग्रजी शब्द याच गोष्टीवरून आला. चर्चेत एकीने विचारलं, माझा बॉस सुट्टी कबूल करून नंतर कानावर हात ठेवतो, तेही गॅसलाइटिंगच का? अर्धा तास जुंपली! साधी थाप वेगळी, समोरच्याला स्वतःवरच शंका घ्यायला लावणं वेगळं, हे त्या भांडणात पक्कं झालं.

'बकेट लिस्ट', म्हणजे मरण्याआधी करायच्या गोष्टींची यादी, हे तर माधुरीच्या २०१८ च्या मराठी सिनेमामुळे घरोघरी पोचलं. पण त्यामागे 'किक द बकेट', म्हणजे राम म्हणणं आहे, हे किती जणांना ठाऊक असतं?

आणि हो, सुरुवात गुंडांच्या सिनेमांपासून नको. तिथली भाषा साहेबांसमोर तोंडातून निघाली तर पंचाईत!