केरीच्या पठारावर वारा कुठून होता?

जानेवारी २०२५ मध्ये गोव्यात, पेडण्यातल्या केरीच्या पठारावर पॅराग्लायडिंग करताना पुण्याची एक पर्यटक आणि तिला घेऊन उडालेला प्रशिक्षक, दोघेही जिवानिशी गेले. आमच्या घरच्या ग्रुपवर लगेच दोन तट पडले. काका म्हणाले, हे थेर बंदच करा. मावसभाऊ म्हणाला, पॅराग्लायडिंगवाल्या कंपनीच्या मालकाला आत टाका. मालकावर गुन्हा नोंद झाला आणि ग्रुपवर जत्रेचे फोटो सुरू झाले. त्या दिवशी वारा कसा होता, हे कुणीच विचारलं नाही.

मी इंग्लंडात राहतो. जवळच्या फ्लाइंग क्लबची धावपट्टी गवताची आहे. मी उडत नाही, चहाला जातो. तिथे एक निवृत्त गृहस्थ ओल्या गवतावर जरा वेगातच टेकले. ब्रेक दाबले, चाकं अडली, विमान मात्र घसरतच गेलं. शेवटी कडेच्या मऊ मातीत पुढचं चाक रुतलं आणि प्रॉपेलरची पाती वाकली. गृहस्थांना खरचटलंही नाही. सुक्या गवतावर उतरायला १५ टक्के जास्त अंतर धरा, ओल्यावर ३५, असं इथलं विमान प्राधिकरण सांगतं. गवत बुटकं, ओलं आणि खालची जमीन टणक असेल तर ६० सुद्धा. (मला वाटायचं, वाढलेलं गवतच वाईट.)

पुढच्या आठवड्यात तेच गृहस्थ चहाच्या टेबलावर इथल्या विमान अपघात तपास शाखेचा फॉर्म भरत बसले होते. वेग किती, वारा कुठून, गवत केवढं. असे वृत्तांत शाखेच्या मासिक बुलेटिनमध्ये छापून येतात. वैमानिकाचं वय आणि उड्डाणाचे तास असतात, नाव नसतं.

आता हौशी माणसाचं ठीक आहे, खरं लिहिलं म्हणून त्याची रोजीरोटी जात नाही. केरीला एकीने पैसे मोजले होते आणि दुसरा पोटासाठी उडत होता. तिथे पोलीस हवेतच. पण पोलीस आले म्हणून तपास संपत नाही. २०१५ साली इथल्याच शोरहॅमच्या एअर शोमध्ये जुनं जेट रस्त्यावर कोसळून ११ जण मेले. वैमानिकाने तपास शाखेला दिलेले जबाब पोलिसांनी मागितले. २०१६ मध्ये हायकोर्टाने विमानातली चित्रफीत दिली, जबाब दिले नाहीत. खटला तरीही उभा राहिला आणि २०१९ मध्ये वैमानिक निर्दोष सुटला. निकाल अनेकांना रुचला नाही, पण अपघात कसा झाला ते तपास शाखेच्या छापील अहवालात सगळ्यांसमोर होतं.

हे आपल्याला परकं नाही. विमान अपघातांच्या तपासाचे भारतीय नियमही हेच सांगतात, की तपास पुढचे अपघात टाळण्यासाठी असतो, दोष ठरवण्यासाठी नाही. मग पठारावर तेवढंच करा. दोरी गुंतली, उतरताना पाय मुरगळला, वारा अचानक फिरला, असं सगळं उडवणाऱ्या पोरांकडून लिहून घ्या, आणि तो कागद मालकाच्या हाती देऊ नका. पर्यटन खात्याने अशा प्रसंगांची यादी हंगामापूर्वी पठारावरच लावावी. मराठी-कोकणीत लावाच, पण हिंदीत आणि नेपाळीतही लावा, कारण उडवणाऱ्यांत बाहेरून आलेली पोरंही असतात.