मोटरच्या आधी उतारावर शिका भाऊ
एका लेखात म्हटलंय की विदर्भात सपाट जमीन, म्हणून मोटरवाला हार्नेस (उडवणारा ज्यात लटकते तो पट्ट्यांचा साज) बांधून थेट वावरातूनच हँग ग्लायडर (खाली लटकून उडवायचा कापडी पंख) शिका, हे मले अजिबात पटलं नाही. पहिले बिनमोटरचं, लहानशा उतारावर, पळणं अन् उतरणं पक्कं करा, कारण नंतर ग्लायडर अन् मोटरवाला हार्नेस मिळून 50 किलोच्या आसपास ओझं घेऊन पळायचं असते, मोटरचा पंखा मागं पायाजवळ फिरत राहते, ग्लायडरचं नाक जास्त वर गेलं की स्टॉल, म्हणजे पंखाची उचलच जाते, अन् इंजिन बंद पडलं तर शेवटी साध्या ग्लायडरसारखंच उतरावं लागते. एप्रिल-मेच्या दुपारी तर नकोच, नांगरलेल्या काळ्या वावरातून कशा वावटळी उठते माहीतच आहे, नवख्यानं सकाळच्या शांत हवेतच उडावं. उतरायचं वावर कपाशीची पराटी उपटलेलं पाहा, अन् आधी पायी फिरून विजेचे खांब बघून ठेवा, वरून तारा लवकर दिसत नाही.