यशवंत घाडगे यांच्या नावाने फिरणारी पोस्ट: खरं किती, जोडलेलं किती

पोस्टचा मजकूर थोडक्यात असा: कोकणातल्या यशवंत घाडगे या पोराला इंग्रजांनी जबरदस्तीने सैन्यात ओढलं, बंदूक धरायलाही धड न शिकवता इटलीत मोंते कॅसिनोच्या लढाईत पुढे ढकललं. गोळ्या संपल्यावर भान हरपून, शिवरायांचा जयघोष करत त्याने बंदुकीच्या दस्त्याने पन्नास जर्मन लोळवले, दोन जखमी साथीदार पाठीवरून आणले आणि तिथेच प्राण सोडला. आज त्याचं नावही कुठे नाही.

यातलं नाव खरं, दस्ता खरा, मरण खरं. बाकीचं एकेक बघू.

मोंते कॅसिनो. ही चूक कुठून आली ते कळतं. घाडगे यांचं नाव कॅसिनोच्या स्मारकावर कोरलेलं आहे, म्हणून ते कॅसिनोला पडले असं कुणीतरी धरलं. पण ते स्मारक एका लढाईचं नाही. इटलीच्या मोहिमेत भाग घेतलेल्या आणि ज्यांची कबर कुठे आहे ते माहीत नाही अशा राष्ट्रकुल सैन्यातल्या चार हजारांहून अधिक जणांची नावं तिथे आहेत. कॅसिनोची लढाई 18 मे 1944 ला संपली. घाडगे पडले 10 जुलै 1944 ला, टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात. कॅसिनोपासून हा भाग सरळ रेषेतही दोनशे किलोमीटरहून दूर. त्या दिवसांत त्यांची पलटण जिच्यात होती ती 10 वी भारतीय डिव्हिजन पेरुजिआच्या उत्तरेला डोंगर-डोंगर करत पुढे सरकत होती.

जाता जाता: काही पोस्टमध्ये त्यांची पलटण ‘पाचवी’ लिहिलेली असते. कागदावर 3/5 असं दिसतं, त्याचा अर्थ पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्री रेजिमेंटची तिसरी पलटण. यात तीन-पाच करायला जागा नाही.

जयघोष आणि पाठीवरचे जखमी. हा प्रसंग खरा आहे, माणूस दुसरा आहे. शिपाई नामदेव जाधव, 1/5 मराठा, 9 एप्रिल 1945, सेनिओ नदी. जाधव कंपनीचे रनर, म्हणजे निरोप नेणारे. त्यांनी दोन जखमींना खोल पाण्यातून, उभ्या बांधावरून आणि सुरुंग पेरलेल्या पट्ट्यातून सुखरूप बाहेर काढलं. मग मशीनगनच्या तीन चौक्या एकट्याने बंद पाडल्या. हाताला गोळी लागल्यामुळे बंदूक चालवता येईना, तेव्हा ग्रेनेड फेकले. शेवटी बांधावर उभं राहून मराठ्यांची युद्धगर्जना देत उरलेल्या तुकड्यांना नदीपार बोलावलं. ते जगले, 1984 साली वारले. दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे ब्रिटनचं सर्वोच्च शौर्यपदक, दोघे एकाच रेजिमेंटचे, आणि जन्मही दोन दिवसांच्या अंतराने: घाडगे 16 नोव्हेंबर 1921, जाधव 18 नोव्हेंबर. त्यामुळे सरमिसळ झाली असेल. पण घाडगे यांच्या पदकाच्या नोंदीत ना गर्जना आहे, ना कुणाला उचलून आणल्याचा उल्लेख. त्यांच्या सेक्शनचे, म्हणजे हाताखालच्या छोट्या तुकडीचे, सगळे जण आधीच मेले होते किंवा जखमी होऊन पडले होते.

पन्नास जर्मन, संपलेल्या गोळ्या आणि हरपलेलं भान. सगळ्यात मोठा घोळ इथे आहे.

आधी आकडा. नोंदीप्रमाणे ग्रेनेडने मशीनगन आणि ती चालवणारा गेला, टॉमीगनने (हातात धरून चालवायची छोटी मशीनगन) एक, तिच्या दस्त्याने दोन. एकूण चार. मशीनगनच्या एका चौकीत साधारण एवढेच लोक असतात. पन्नास जण एका गनभोवती बसत नाहीत.

मग गोळ्या. नोंदीत ‘गोळ्या संपल्या’ असं कुठेच नाही. मॅगझिन बदलायला वेळ नव्हता, असं आहे. या दोन्हींत फार अंतर आहे. टॉमीगनचं सरळ मॅगझिन 20 किंवा 30 गोळ्यांचं. गन मिनिटाला सातशेच्या आसपास या वेगाने झाडते, म्हणजे घोडा दाबून धरला तर 30 गोळ्या तीन सेकंदांच्या आत संपतात. नवीन मॅगझिन बसवायचं तर अंगठ्याने कळ सरकवायची, रिकामं खाली ओढायचं, पाउचचं बटण उघडायचं, भरलेलं काढायचं, त्याच्या मागची उभी पट्टी गनच्या खोबणीत अचूक बसवायची आणि खट् होईपर्यंत वर सारायचं. बोल्ट, म्हणजे आतला सरकणारा लोखंडी ठोकळा, मागे असलेला बरा, पुढे असला तर भरलेलं मॅगझिन वर बसायला त्रास देतं. सरावलेल्या हातालाही यात काही सेकंद जातात आणि तेवढा वेळ दोन्ही हात गुंततात. समोर दोन शत्रू हाताच्या अंतरावर असताना ते सेकंद नसतात.

रायफलवाल्याने अशा वेळी संगीन चालवली असती. टॉमीगनला संगीन लागत नाही. उरतो दस्ता. ही गन रिकामीसुद्धा पावणेपाच किलोच्या घरात जाते, आणि नळीकडून धरली की लोखंडी धड आणि लाकडी दस्ता, सगळं वजन पलीकडच्या टोकाला जातं. नोंदीत नळी धरल्याचं मुद्दाम लिहिलं आहे.

आता त्याआधीचा क्रम पाहा. 36 नंबरचा ग्रेनेड सुमारे पाऊण किलोचा. पिन काढली तरी लिव्हर मुठीत आवळलेला असेपर्यंत काही होत नाही. हातातून सुटला, लिव्हर उडाला की चार सेकंद. तेवढ्या वेळात समोरचा तो परत फेकू शकतो किंवा आडोसा धरतो, आणि फेकणाऱ्याने मान खाली घातली नाही तर त्याचेच तुकडे त्याला लागतात, कारण ते फेकीच्या अंतरापलीकडेही उडतात. स्फोटानंतर चौकीतले लोक बधिर असतात ते काही क्षणच. त्यात आत घुसायचं. म्हणजे आधी ग्रेनेडने गन बंद, मग जवळून झोड, मग हातघाई. भान हरपलेला माणूस आधी धावत सुटतो. घाडगे यांनी आधी गन बंद केली. शौर्य नाकारण्याचा प्रश्नच नाही, मागे कुणी उरलं नाही हे माहीत असताना ते पुढे गेले. पण ‘वेडाच्या भरात’ म्हटलं की एका कसलेल्या सेक्शन कमांडरची कारागिरी पुसली जाते.

‘शिकवलंच नाही’. घाडगे नाईक होते, बाहीवर दोन फिती, वय 22. पूर्ण संख्येचं सेक्शन दहा जणांचं, मोहिमेत बहुतेकदा त्याहून कमी, सोबत एक ब्रेन गन, म्हणजे हलकी मशीनगन. असं सेक्शन नाईकाच्या हाती असे. रेजिमेंटचं प्रशिक्षण केंद्र बेळगावला होतं. तिथे रिक्रूटला कवायतीबरोबर बारीकसारीक गोष्टी घोटून घेतल्या जात. एक उदाहरण पुरे. 0.303 च्या काडतुसाला बुडाशी कड असते. रायफलमध्ये भरताना वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या पुढे हवी. मागे गेली तर बोल्ट पुढे ढकलताना वरचं काडतूस खालच्याला अडकतं आणि ऐन वेळी रायफल ठप्प. ब्रेनच्या मॅगझिनमध्ये 30 मावतात, पण स्प्रिंगवर ताण नको म्हणून 28 च भरायच्या. रायफलवाल्यांच्या पाउचमध्येही ब्रेनची मॅगझिनं असत आणि ब्रेन सगळ्यांना चालवता यावी लागे, कारण ब्रेनवाला पडला तर शेजारच्याने ती उचलायची असते.

‘जबरदस्ती’. दुसऱ्या महायुद्धात हिंदुस्थानी लोकांना सक्तीची लष्करभरती नव्हती. 1939 साली सुमारे दोन लाख असलेलं सैन्य 1945 पर्यंत 25 लाखांवर गेलं, ते सगळे स्वेच्छेने भरती झालेले. पोटाची सक्ती मात्र खरी. डोंगरउताराची भातशेती, वाटण्या होऊन उरलेली गुंठ्यांची खाचरं, घरात खाणारी तोंडं अनेक. तेव्हाच्या कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यातून पोरं मुंबईच्या गिरणीत जात, तशी पलटणीतही जात. या परिस्थितीवर टीका जरूर करावी, पण तिला बेड्या म्हणू नये.

‘नाव कुठे नाही’. व्हिक्टोरिया क्रॉसची नोंद 2 नोव्हेंबर 1944 च्या लंडन गॅझेटमध्ये, म्हणजे ब्रिटिश सरकारच्या राजपत्रात आहे. छातीत आणि पाठीत स्नायपरच्या गोळ्या लागून, एकट्याने जिंकलेल्या त्याच चौकीत ते गेले, हे तिथेच लिहिलं आहे. रायगड जिल्ह्यात माणगावला त्यांचा पुतळा आहे. इटलीत पेरुजिआजवळच्या मोंतोने गावात जुलै 2023 मध्ये त्यांच्या नावाचं स्मारक उभं राहिलं. ते सूर्यघड्याळाच्या रूपात आहे आणि त्यावरच्या लॅटिन वाक्याचा अर्थ ‘आपण सगळे एकाच सूर्याखाली’ असा आहे.