कॉइल एक, बिले तीन

माझी गाडी कसारा घाट चढताना मिसिंग करते, म्हणजे गचके देते, आणि सपाट रस्त्यावर करत नाही, एवढे साधे वाक्य मी दोन महिन्यांत एकाच गॅरेजमध्ये निदान आठ वेळा सांगितले असेल, आणि आठही वेळा गॅरेजवाल्याने ते या कानाने ऐकून त्या कानाने सोडून दिले. दर वेळी तो नाशिकच्या गंगापूर रोडवर एक ट्रायल मारून यायचा, चावी माझ्या हातावर टेकवायचा आणि म्हणायचा, "साहेब, एकदम मक्खन चालतेय." अहो, सपाटीवर ती मक्खन चालतेच, हेच तर मी घसा कोरडा करून सांगतो आहे!

पहिल्या फेरीत त्याने चार नवे स्पार्क प्लग, एअर फिल्टर आणि थ्रॉटल बॉडीची सफाई असे मिळून ३,४०० रुपये लावले. दुसऱ्या फेरीत इंजेक्टर साफ केले, त्याचे २,८००. तिसऱ्या फेरीत टाकीतला पेट्रोल पंप "प्रेशर कमी मारतोय" म्हणून बदलला, त्याचे ६,९००. प्रेशर कशावर मोजले, किती भरले आणि किती भरायला हवे होते, असे मी विचारले तेव्हा त्याने माझ्याकडे असे पाहिले, जणू मी त्याच्या घरातल्या दागिन्यांची चौकशी केली होती. जुना पंप दाखवा म्हटले, तर तो भंगारवाल्याने सकाळीच नेलेला. (माझ्या गाडीतून निघालेल्या प्रत्येक पार्टसाठी हा भंगारवाला माझ्याआधी बरोबर अर्धा तास कसा पोचतो, हे मला आजवर उमगलेले नाही.) घाटात डॅशबोर्डवरचा इंजिनचा पिवळा दिवा लुकलुकतो, हेही सांगून झाले, त्यावर "तो सेन्सरचा असतो, लक्ष नका देऊ, नाहीतर काढून टाकतो" असे उत्तर मिळाले. तो दिवा नुसता पेटून राहिला तर गाडी सवडीने दाखवली तरी चालते, पण लुकलुकू लागला तर न जळलेले पेट्रोल धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तिथे जळत असते आणि तो तापून कायमचा निकामी होऊ शकतो, ही माहिती ज्याचा धंदाच गाड्यांचा आहे त्याला नसावी? चौथ्या फेरीत अखेर निदान झाले: "हेड उघडावं लागेल साहेब, इंजिनाचा वरचा भागच, बावीस-पंचवीस हजार धरून चाला."

मी अंबडच्या एका कारखान्यात दर्जा तपासणीचे काम करतो. तिथे एखाद्या पार्टचे माप ठरलेल्या मर्यादेपलीकडे शतांश मिलिमीटरने गेले तरी तो लाल पेटीत जातो, आणि तो का गेला याचा कागद मला सहीनिशी द्यावा लागतो. या शहरात मोटारी तयार होतात, डिझेल इंजिनांचे इंजेक्टर तयार होतात, एका चौकाला तर लोक इंजेक्टरवाल्या मायको कंपनीच्या नावावरून आजही मायको सर्कलच म्हणतात. आणि त्याच शहरात सातपूर-अंबडपासून हाकेच्या अंतरावर इंजिनाचे निदान मात्र "हे बदलून बघू, नाही झालं तर ते बदलू" या पद्धतीने, ग्राहकाच्या खिशावर प्रयोग करून केले जाते. अंदाज चुकणे मी समजू शकतो. अंदाजाला निदान म्हणून त्याचे पैसे घेणे मी समजू शकत नाही.

हेड उघडण्याच्या आदल्या आठवड्यात मी सातशे रुपयांचा ब्लूटूथ स्कॅनर मागवला. तो स्टिअरिंगखालच्या सॉकेटमध्ये खोचून मोबाईलवर पाहिले तर कोड स्वच्छ लिहिलेला होता: पी ०३०३, म्हणजे तिसऱ्या सिलिंडरमध्ये मिसफायर, तिथले पेट्रोल नीट पेटतच नाही. माझ्या गाडीत प्रत्येक प्लगवर त्याला ठिणगीसाठी व्होल्टेज पुरवणारी स्वतंत्र इग्निशन कॉइल बसते. मग मी दहा नंबरच्या गोटी पान्याने दोन बोल्ट काढले, तिसऱ्या सिलिंडरची कॉइल दुसऱ्यावर आणि दुसऱ्याची तिसऱ्यावर लावली, कोड पुसला, रविवारी पहाटे इगतपुरीपलीकडे घाट उतरलो आणि पुन्हा चढलो. अर्ध्या चढावर गाडीने ओळखीचे गचके दिले, दिवा लुकलुकला, आणि या वेळी कोड आला पी ०३०२. दोष कॉइलबरोबर उठून शेजारच्या सिलिंडरमध्ये गेला होता. एवढे पुरावे तर न्यायालयातही मागत नाहीत!

कारणही काही गूढ नाही. चढावर आपण ॲक्सिलरेटर दाबतो, सिलिंडरमध्ये जास्त हवा भरते, दाब वाढतो, आणि वाढलेल्या दाबात ठिणगी उडवायला जास्त व्होल्टेज लागते. म्हणून थकलेली कॉइल गंगापूर रोडवर निभावून नेते आणि घाटात हात टेकते. तीन हजार फेऱ्यांवर प्रत्येक सिलिंडरमध्ये सेकंदाला २५ ठिणग्या पडाव्या लागतात, त्यातल्या काही गळाल्या की गाडी गचके देणारच. नवी कॉइल १,९०० रुपयांना मिळाली आणि बसवायला वीस मिनिटे लागली. तेरा हजार शंभर रुपये मी आधीच भरून बसलो होतो.

आणि माझे डोके खरे फिरले ते त्या वीस मिनिटांत. कॉइल निघालीच आहे तर प्लगही पाहावेत म्हणून ते उघडले. बिलावर "नवीन प्लग, नग ४" असे लिहिलेले. हातात आलेल्या प्लगांच्या इलेक्ट्रोडच्या कडा झिजून गोल झालेल्या, चिनी मातीच्या बुडाशी तपकिरी कडे धरलेले, आणि फट मोजायचा फीलर गेज घातला तर ती १.४ मिलिमीटर, जिथे माझ्या गाडीच्या पुस्तिकेत १.१ दिलेली आहे. दोन महिन्यांत प्लग इतके झिजत नाहीत. ते प्लग माझ्या गाडीतून कधी बाहेर पडलेच नव्हते! मी ते रुमालात गुंडाळून गॅरेजमध्ये नेले. गॅरेजवाल्याने एकवार पाहिले आणि आवाज दिला, "ए, साहेबांचे प्लग टाकले नव्हते का रे?" आणि सगळा दोष पान्यांचा डबा धुणाऱ्या, जेमतेम मिसरूड फुटलेल्या पोऱ्याच्या माथी मारून तो मोकळा झाला.

हे ऐकल्यावर "मग सगळं स्वतःच करत जा, सोपं असतं" असा सल्ला देणारे जे भेटतात, त्यांच्यावर तर माझा अधिक राग आहे. सोपे कसले? कॉइलच्या कनेक्टरची क्लिप वर्षानुवर्षे उष्णता खाऊन बिस्किटासारखी झालेली असते. माझी पहिल्याच दाबात तुटली आणि आता तो कनेक्टर झिप टायने बांधलेला आहे. एक बोल्ट हातातून निसटून खालच्या प्लास्टिक कव्हरवर पडला, तो शोधण्यात एक संध्याकाळ गेली. त्याच उत्साहात मी इंजिन ऑइलही बदलायला घेतले, तर ऑइल चेंबरचा, ऑइल काढायचा ड्रेन बोल्ट गॅरेजमध्ये कोणीतरी एअर गनने असा आवळून ठेवला होता की पाना लावताच आट्यांनी करकर आवाज केला. मान्य आहे, तिथे मी थांबायला हवे होते. मी थांबलो नाही, आणि आटे गेले. शिवाय पार्किंगमध्ये जॅक लावला की सोसायटीचे सेक्रेटरी वरून हाका मारतात, आणि काढलेले साडेतीन लिटर काळे ऑइल कॅनमध्ये भरून बाल्कनीत ठेवले, तर बायको रोज विचारते, "अहो, हे कधी जाणार?" ते गॅरेजला द्यावे, तर तिथे मी ते गटारात ओतताना डोळ्यांनी पाहिले आहे, गटार नासर्डीला मिळते आणि नासर्डी गोदावरीला.

ऑगस्ट २०१४ मध्ये स्पर्धा आयोगाने १४ मोटार कंपन्यांना अडीच हजार कोटींहून अधिक दंड ठोठावला, तो बाहेरच्या गॅरेजांना सुटे भाग आणि तपासणीची साधने खुलेपणाने मिळू देत नाहीत म्हणून. माझी गाडी त्याच साली घेतलेली. त्या वेळी मी गॅरेजवाल्यांच्या बाजूने तावातावाने बोललो होतो, कारण लहान माणसाला साधनेच मिळाली नाहीत तर तो काम कसा करणार? आता सातशे रुपयांचे साधन बाजारात मिळते, आणि तो म्हणतो, "साहेब, आम्हाला आवाजावरून कळतं." वडिलांच्या काळी इंजिनाला स्क्रू ड्रायव्हर टेकवून त्याची मूठ कानाला लावणारे मिस्त्री होते, आणि कार्ब्युरेटर-पॉइंटच्या गाड्यांत त्यांना खरोखरच कळायचे. पण ते मिस्त्री गाडी ऐकायचे तसेच गिऱ्हाइकाचेही ऐकायचे.

आता क्लच घसरू लागला आहे. त्यासाठी गिअरबॉक्स उतरवावा लागतो आणि तो सोसायटीच्या पार्किंगमध्ये एका जॅकवर उतरवण्याइतका मी वेडा नाही, म्हणजे पुन्हा गॅरेज. परवा दुसऱ्या एका गॅरेजमध्ये गेलो आणि नम्रपणे एवढेच विचारले की काम चालू असताना मी शेजारी उभा राहिलो तर चालेल का, आणि जुनी क्लच प्लेट मला हातात मिळेल का. मालकाने बोट वर केले. भिंतीवर पाटी होती: "ग्राहकांनी कामाच्या जागी येऊ नये." मग तो म्हणाला, "एवढा विश्वास नसेल साहेब, तर तुम्हीच खोला ना." चावी खिशात टाकून मी परत निघालो, आणि मुंबई नाक्याला पोचेपर्यंत क्लचच्या जळक्या वासाने गाडी भरून गेली होती.