स्वस्तात ठो ठो कसं करावं

बजेट तुटपुंजं आहे आणि पिक्चरमध्ये गोळीबार तर पाहिजेच, मग टेन्शन कशाला घेताय, अमेरिकेतल्या लोकांनी वाट घालून दिलीये.

सगळ्यात आधी आर्मररला, म्हणजे सेटवरच्या बंदुका सांभाळणाऱ्याला, कामाला लावा. हा माणूस दिवसभर करतो काय, तर बंदूक कुलपातून काढतो, तपासतो, देतो, परत घेतो, परत कुलपात. एवढ्यासाठी पूर्ण पगार? अर्धा दिवस प्रॉप्सचं काम द्या. न्यू मेक्सिकोत 'रस्ट' या पिक्चरच्या सेटवर २०२१ला असंच होतं, वर आर्मररबाईंना बजावलं पण होतं की बंदुकांवर जास्त वेळ घालवू नका. आणि त्यांचं बजेट ७० लाख डॉलरच्या घरात होतं बरं का, तुम्ही तर गरीब.

मग काडतुसं. डमी काडतूस दिसायला हुबेहूब खरं, आत दारू नाही, एक छोटा छर्रा असतो, कानाशी धरून हलवलं की खुळखुळ वाजतो. वाजला नाही आणि कडेला भोकही नाही म्हणजे गडबड. आता रिव्हॉल्वरमध्ये सहा, सहाही बाहेर काढून एकेक हलवत बसायचं? तेवढ्यात ऊन उतरतं ना राव! कुणीतरी जोरात 'कोल्ड गन', म्हणजे 'बंदुकीत खरी गोळी नाही', ओरडलं की झालं. 'रस्ट'मध्ये असिस्टंट डिरेक्टर तसंच ओरडला, आपण सगळी तपासली नव्हती हे त्याने नंतर पोलिसांना सांगितलं. आत खरं काडतूस निघालं, सिनेमॅटोग्राफर हलिना हचिन्स गेल्या, तीच गोळी पुढे डिरेक्टरच्या खांद्यात.

विकतची डमी महाग वाटतात? खऱ्या काडतुसातली दारू काढा आणि बुडातला प्रायमर (ठोका बसला की पेटणारी छोटी टोपी) तसाच राहू द्या, कोण बघतंय. १९९३ला नट ब्रँडन ली सेटवर गेला तेव्हा हेच झालं, प्रायमरच्या जोरावर गोळी सरकून नळीत अडकली, कुणी नळीत डोकावलं नाही, नंतर त्याच बंदुकीत ब्लँक (दारू असलेलं पण गोळी नसलेलं काडतूस) भरलं आणि ब्लँकने ती गोळी बाहेर ढकलली. (ब्लँकचा फक्त आवाज होतो म्हणणाऱ्यांनी १९८४चा नट जॉन-एरिक हेक्सम आठवावा, गंमत म्हणून ब्लँक भरलेली बंदूक कानशिलाला लावली आणि गेला.)

कॅमेरावाले सेफ्टीची कुरकुर करून निघून गेले तर जाऊ द्या, दुसरे मिळतात. 'रस्ट'चे त्याच दिवशी सकाळी गेले होते, दुपारी शूटिंग चालूच होतं की.

आणि अगदीच काही झालं तर? 'रस्ट'चा सरकारी दंड तडजोड होऊन १ लाख डॉलरवर आला, बजेटच्या दीड टक्काही नाही, 'इतर खर्च'मध्ये सहज बसतो. तुरुंगात दीड वर्षासाठी आर्मरर गेली. बघा, म्हणून सांगतो, आर्मरर ठेवाच, पैसे वसूल होतात.

राहिलेलं शूटिंग त्यांनी २०२३ला मोंटानात उरकलं, तिथे म्हणे सेटवर चालणारी बंदूकच नव्हती आणि पिक्चर तरीही पूर्ण झाला, पण तुम्ही असल्या गोष्टी मनावर घेऊ नका, रिअल फील येत नाही.