दोन नंबरचं सिलिंडर

हायब्रिड, म्हणजे पेट्रोल आणि बॅटरी दोन्हींवर चालणारी गाडी बिघडली आहे की नाही, हेच आधी कळत नाही. साधी गाडी उभी असतानाही गुरगुरत असते आणि त्या गुरगुरण्यात खोट आली की कानाला समजते. आमची गाडी बटण दाबलं की ‘रेडी’चा दिवा लावते आणि गप्प बसते. इंजिन कधी चालू करायचं, कधी बंद, हे तिचं ती ठरवते. मालकाला विचारायची पद्धत नाही.

या मितभाषी, बारा वर्षं जुन्या गाडीला सकाळच्या वेळी झटके यायला लागले. इंजिन सुरू झालं की बॉनेटखाली खडखडाट, स्टिअरिंगला कापरं आणि आरशात मागच्या एका रिक्षाच्या दोन रिक्षा. अर्ध्या-एक मिनिटात सगळं शांत, जणू मीच काहीतरी ऐकलं. बरं, हे रोजही नाही. आज करेल, उद्या नाही, आणि शेजारी बायको बसलेली असेल तर मुळीच नाही. त्यामुळे घरात माझ्या बोलण्याचं वजन होतं त्याहून कमी झालं.

मिरज रस्त्यावरच्या गॅरेजमध्ये पोचेपर्यंत इंजिन गरम झालेलं असायचं. कुठल्या सिलिंडरमधलं पेट्रोल पेटायचं चुकतंय का, म्हणजे ‘मिसिंग’ आहे का, ते ऐकायला मिस्त्री कान लावून उभा राहायचा. “कुठं मिसिंग मारतीय, सर? मस्त चालतीय की!” तो हे म्हणतोय तोवर इंजिन बंद पडायचं. बिघडून नव्हे, बॅटरी भरली म्हणून. ते सलग चालू ठेवायचं तर एक विधी आहे, आणि तो साठ सेकंदांत उरकावा लागतो. बटण दोनदा दाबायचं पण ब्रेकला पाय लावायचा नाही. गिअर पार्किंगमध्ये ठेवून ॲक्सिलरेटर दोनदा पूर्ण दाबायचा, न्यूट्रलमध्ये दोनदा, परत पार्किंगमध्ये दोनदा. मग ब्रेक दाबून पुन्हा बटण. एक जरी पाय चुकला तरी पहिल्यापासून. मिस्त्री हे माझ्याकडूनच करून घ्यायचा, कारण बॉनेटखालच्या जाड केशरी केबल त्याने पाहिल्या होत्या. त्यांतून दोनशेहून जास्त व्होल्ट जातात हे कळल्यापासून तो गाडीशी फार अदबीने वागायचा.

स्कॅनर लावला. त्यात पी०३०० हा बिघाडाचा कोड निघाला, म्हणजे कुठलं तरी सिलिंडर मिसिंग मारतंय, कुठलं ते तुम्ही शोधा. पुढच्या खेपेला पी०३०२ आला, म्हणजे दोन नंबरचं. गाडीतला कॉम्प्युटर हे क्रँकच्या, म्हणजे पिस्टन फिरवतात त्या दांड्याच्या, वेगावरून ओळखतो. प्रत्येक स्फोटाला क्रँकला धक्का मिळायला हवा. एखादा चुकला की वेग किंचित पडतो आणि तो तेवढंही लिहून ठेवतो. आपल्यावर विश्वास ठेवणारं घराबाहेर कुणीतरी आहे, याचा मला फार आधार वाटला.

आता ही सांगली आहे. इथे जुनी गाडी घेतली की पहिला प्रश्न मायलेजचा नसतो. शेजारच्या तात्यांनी गाडीभोवती एक चक्कर मारली, खाली वाकून सीटचा वास घेतला आणि निकाल दिला, “पुरातली गाडी आहे. इंजिनात पाणी शिरलंय.” मी म्हटलं, “तात्या, ही पुण्याहून आणलेली आहे.” “पुण्यात काय नदी नाही?” २०१९ साली आयर्विन पुलापाशी कृष्णेनं ५७ फूट ओलांडले, तेव्हापासून तात्या जगातली प्रत्येक वस्तू ती किती फुटांपर्यंत भिजली असेल या नजरेनं पाहतात. पुलाची धोक्याची पातळी ४५ फूट, हे तर इथे पोरांनाही पाठ असतं.

दुसरा पक्ष इथेनॉलचा. पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल, ते हवेतली ओल धरतं, जुन्या गाड्यांना सोसत नाही, असं मी जेवताना सहज बोलून गेलो. वाळव्याहून मामा आले होते. मामांचा ऊस कारखान्याला जातो. घास हातातच राहिला. “म्हणजे आमच्या उसानं तुझी गाडी बिघडवली?” “तसं नाही, मामा.” “मग कसं? इथेनॉल काय आभाळातनं पडतंय व्हय? बिलाची वाट आम्ही बघायची आन वर नावंबी तुम्ही ठेवायची!” यानंतर मी मामांसमोर गाडीचा विषय काढला नाही. मामांनी मात्र काढला, दर जेवणाला.

मिस्त्री तोवर हट्टाला पेटला होता. चारही प्लग बदलले. दोन नंबरची, प्लगला ठिणगीची वीज देणारी इग्निशन कॉइल काढून तीनवर लावली, तीनची दोनवर. दोष कॉइलमध्ये असता तर कोड तिच्यामागे तीनवर गेला असता. नाही गेला. पेट्रोल फवारणाऱ्या इंजेक्टरचीही तशीच अदलाबदल झाली, तरी कोड दोनवरच ठाण मांडून.

मग त्याने असा प्रश्न विचारला की मला त्याच्याबद्दल आदर वाटला. “सर, कूलंट कमी होतंय का?” कूलंट म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी. होत होतं. त्याच्या बाटलीवर पेनानं रेघ मारली. थोड्याच दिवसांत कूलंट रेघेच्या खाली. जमिनीवर मात्र एक थेंब नाही. मग जातंय कुठं? गाडी रात्रभर गॅरेजमध्येच ठेवली, रात्री कूलिंग सिस्टिमला पंपानं प्रेशर दिलं. सकाळी बघतो तर काटा खाली आलेला. प्लग काढून भोकातून बारीक कॅमेरा आत सोडला. सांगली-मिरजेच्या माणसाला दुर्बिणीनं आत बघण्याचं नवल नाही, इथल्या दवाखान्यांत जिल्ह्याबाहेरूनही लोक त्यासाठी येतात. पण माझी छाती धडधडत होती.

एक, तीन आणि चार नंबरचे पिस्टन काजळीनं काळे, संसारी. दोन नंबरचा लख्ख. मी म्हटलं, “हा तरी चांगला आहे.” मिस्त्री हसला. “ह्योच चोर. कूलंट आत झिरपतंय, त्याची वाफ होतीय, त्या वाफेनं धुऊन निघालाय.” हेड गॅस्केट, म्हणजे सिलिंडर आणि त्यांच्यावरचं झाकण (हेड) यांच्यामधलं सील, गेलं होतं. गाडी रात्रभर उभी राहिली की सिलिंडरमध्ये थोडं कूलंट साचायचं, सकाळी प्लग ओला, म्हणून मिसिंग. इंजिन तापलं की कूलंट उडून जायचं आणि गाडी साळसूद.

हेड उतरवलं, फेसिंगला लेथवाल्याकडे पाठवलं, इंजिनात परत फिरवला जाणारा धूर थंड करणारा, काजळीनं तुंबलेला ईजीआर कूलर साफ झाला, नवं गॅस्केट बसलं. खर्चाचा आकडा घरात अजून जाहीर झालेला नाही.

जुनं गॅस्केट कागदात गुंडाळून आणलं. मामांनी ते उलटसुलट करून पाहिलं आणि विचारलं, “ह्यात ऊस कुठं हाय?” नाही म्हटल्यावर शांतपणे चहा मागितला. तेवढ्यात तात्या आले.

“काय निघालं?”

“इंजिनात पाणी जात होतं.” खरं तर कूलंट म्हणायला हवं होतं, पण शब्द सुटून गेला.

तात्यांनी खुर्ची ओढली, आरामात बसले आणि म्हणाले, “किती फुटांपर्यंत?”