ई विंगची बाकी युरोत

सोसायटीचं सेक्रेटरीपद माझ्या गळ्यात पडलं, कारण प्रिंटर फक्त माझ्या घरी होता. आणि सोलापुरात सेक्रेटरी म्हणजे मुख्यतः पाण्याच्या सूचना काढणारा माणूस. उजनीचं पाणी नळाला येतं ते काही दिवसांआड, त्यातही कधी पहाटे, कधी मध्यरात्री. सूचना सारखी बदलते आणि मी सारखा कीबोर्डसमोर.

पहिला झगडा ‘ऱ्या’शी. सोसायटीचा सगळा संसार या अर्ध्या र वर उभा आहे. दुसऱ्या मजल्याच्या पायऱ्या, कचऱ्याची गाडी, मोटार चालू ठेवून झोपणाऱ्यांना समज! नेहमीचा र घेतला की रफार डोक्यावर चढून ‘पायर्‍या’च्या जागी ‘पायर्या’ होतं, आणि बी विंगमधल्या निवृत्त मराठीच्या बाई नोटीस बोर्डावर जाऊन त्याला लाल गोल करतात. पाण्याची वेळ त्यांनी वाचलेली नसते. इनस्क्रिप्ट या कीबोर्डच्या मांडणीत शिफ्ट धरून जे, मग डी, मग य च्या जागेची तिरकी रेघ, एवढी कसरत केली की ऱ्य उमटतो. बोटांना हे कळलं, पण जागं होऊन पहाटे टाइप करताना बोटंही झोपेतच असतात.

ऱ निदान सांगितलेलं ऐकतो. वर्डमधलं, लिहिलेलं आपोआप ‘सुधारणारं’ ऑटोकरेक्ट न सांगता कामं करतं. कंसात इंग्रजी सी लिहून कंस मिटला की ©. म्हणजे सी विंगचे सर्व हक्क राखीव. ई विंगचं थेट €. थकबाकीच्या यादीत ‘फ्लॅट ७ €, बाकी ४,२००’ असं झळकलं, आणि टॉवेलचा कारखाना असलेले तिथले काका कागद फाडूनच वर आले.

“एक्स्पोर्ट करतो म्हणून युरोत मागालाव काय ओ?”

बरं, युरो न मागता मिळतो. आपला ₹ सरकारनं २०१० साली स्वीकारला, त्याच वर्षी तो युनिकोडात, म्हणजे संगणकाच्या अक्षर-चिन्हांच्या जागतिक यादीत गेला. तरी माझ्या कीबोर्डवर त्यासाठी २०बी९ टाइप करून ऑल्ट आणि एक्स दाबायचं. मी सरळ ‘रु.’ लिहितो.

शोकसभेची सूचना मात्र थोडक्यात बचावली. वेळ घरच्यांना विचारून पेनानं भरायची होती, म्हणून ‘(स्थळ: गच्ची, वेळ:)’ असं लिहिलं. विसर्गासारखी दोन टिंबं आणि लगेच मिटलेला कंस पाहून यंत्राला काय आनंद झाला कोण जाणे, त्यानं कैलासवासी आजोबांच्या नावाखाली हसरा चेहरा काढला. बायकोनं प्रिंटरमधून कागद ओढून घेतला.

उपाय आहेत. बदल झाल्या झाल्या कंट्रोल-झेड दाबलं की आपलं लिहिलेलं परत येतं. कायमचं हवं तर ऑटोकरेक्टच्या यादीत जाऊन ती नोंदच उडवायची. मी सी, ई आणि हसरा चेहरा तिघांनाही काढलं. वर त्याच यादीत स्वतःची एक नोंद घातली. ‘पासू’ लिहून स्पेस दिली की ‘उद्या पाणी सुटणार आहे, टाक्या भरून झाल्यावर मोटारी बंद कराव्यात’ हे अख्खं वाक्य हजर.

हे कौतुकानं टॉवेलवाल्या काकांना दाखवलं. ते खुर्ची ओढून बसले, दोनदा करून बघितलं, चष्मा पुसला.

“झकास हाय की ओ. मग ‘थकबाकी’ लिवलं की ‘भरली’ असं होतंय काय, बघा जरा.”